वितरित प्रणालींची विश्वासार्हता: आधी त्रुटी हाताळणारा कोड तपासावा की आराखडा?

मूळ मांडणी

टोरंटो विद्यापीठातील डिंग युआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ओएसडीआय या संगणक प्रणालींवरील परिषदेत मांडलेला अभ्यास प्रत्येक संगणक अभियंत्याने वाचायला हवा, असे माझे ठाम मत आहे. कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच वितरित प्रणालींच्या, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, वापरकर्त्यांनी नोंदवलेले १९८ बिघाड निवडून त्यांनी प्रत्येकाचे मूळ शोधले. त्यांपैकी ज्या बिघाडांनी सर्व किंवा बहुतेक वापरकर्त्यांची सेवा बंद पाडली, त्यांतल्या ९२ टक्के प्रसंगी सुरुवातीची त्रुटी किरकोळ होती आणि सॉफ्टवेअरने तिची सूचनाही दिलेली होती. ती हाताळणारा कोड मात्र चुकीचा होता. कुठे एरर हँडलर (त्रुटी हाताळणारा कोडचा भाग) रिकामा होता, कुठे त्यात फक्त लॉग (घटनेची नोंद) लिहिला होता, तर कुठे ‘हे नंतर करायचे आहे’ एवढी टिप्पणी टाकून काम तसेच पुढे गेले होते. एचडीएफएसच्या एका प्रसंगात चुकीच्या आवृत्तीचा अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे कोडने दिलेली त्रुटीची सूचना) पकडण्यासाठी लिहिलेला कोड कोणताही अपवाद पकडत होता, त्यामुळे नेमनोडमधल्या (फायलींची सूची सांभाळणाऱ्या मुख्य यंत्रातल्या) क्षुल्लक अडचणीने सगळे डेटानोड (प्रत्यक्ष डेटा साठवणारी यंत्रे) बंद पडले. अशा चुका शोधण्यासाठी प्रगत गणित लागत नाही. म्हणून आपला वेळ आणि पैसा आधी इथे खर्च व्हावा.

प्रतिसाद १

मी आपल्याशी असहमत आहे. ज्या बिघाडाचे कारण सापडले आणि जो दुरुस्त झाला, तोच अशा अभ्यासात येऊ शकतो. जो महिन्यातून एकदा, दोन संदेश विशिष्ट क्रमाने पोहोचले तरच घडतो आणि ‘पुन्हा घडवता आला नाही’ असा शेरा मारून बंद केला जातो, त्याची गणना या १९८ मध्ये कशी होणार? शिवाय, याच अभ्यासानुसार ७७ टक्के बिघाडांना एकापेक्षा जास्त घटना लागतात आणि त्यांतल्या ८८ टक्क्यांत घटनांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. कारण कळल्यावर युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या भागाची चाचणी) लिहिणे सोपे असते. कारण कळण्यापूर्वी कोणता क्रम तपासायचा, हा खरा प्रश्न आहे.

संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस ही प्रणालीचा आराखडा गणिती रीतीने लिहून तपासण्याची भाषा ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २०११ पासून वापरली, आणि त्या अनुभवावरचा त्यांचा लेख २०१५ साली प्रसिद्ध झाला. डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्या डेटाबेसच्या आराखड्यात त्यांना डेटा गमावण्याची शक्यता असलेला एक बग सापडला, ज्याच्यापर्यंत पोहोचणारी सर्वांत छोटी वाट ३५ पायऱ्यांची होती. आराखड्याची समीक्षा, कोडची समीक्षा आणि चाचण्या या तिन्हींतून तो निसटला होता. रिकामे एरर हँडलर शोधून हा बग कधीच मिळाला नसता.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

बंद केलेल्या नोंदींविषयीचा आपला आक्षेप रास्त आहे आणि तो मी मान्य करतो. क्रमाविषयीच्या आकड्याला मात्र त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जोडून वाचावा लागेल: ९० टक्के बिघाडांना तीनपेक्षा जास्त घटना लागत नाहीत, आणि ९८ टक्के बिघाड तीन किंवा त्याहून कमी नोडवर (यंत्रांवर) घडवता येतात. म्हणजे शोधाचे क्षेत्र वाटते तेवढे अफाट नाही. लहान समूहावर मोजक्या घटनांचे क्रम पद्धतशीरपणे बदलून पाहणे कोणत्याही मध्यम आकाराच्या चमूला जमू शकते. दुसरे असे, की टीएलए प्लस आराखडा तपासते, कोड नव्हे. आराखडा निर्दोष ठरला तरी तो प्रत्यक्षात उतरवणारा अभियंता अपवाद गिळून टाकू शकतो, आणि वरचा एचडीएफएसचा दोष नेमका त्याच पातळीवरचा आहे.

प्रतिसाद २

आपण दोघेही बिघाड टाळण्याविषयी बोलत आहात. घडलेल्या बिघाडाचा माग काढणाऱ्यांचा विचार या चर्चेत अजून आलेला नाही. युआन यांच्या अभ्यासात ८४ टक्के बिघाडांमध्ये त्यांना कारणीभूत ठरलेल्या सगळ्या घटना लॉगमध्ये नोंदलेल्या होत्या. हे आशादायक वाटते. पण एका बिघाडात छापल्या गेलेल्या लॉग संदेशांची मध्यक संख्या ८२४ होती. एवढ्या संदेशांतून कामाच्या तीन ओळी वेचायच्या, त्याही अशा यंत्रांवरून ज्यांची घड्याळे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत! कोणती घटना आधी घडली हे घड्याळावरून ठरवता येत नाही, म्हणूनच लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये तार्किक घड्याळांची (वेळेऐवजी घटनांचा क्रम मोजणाऱ्या क्रमांकांची) कल्पना मांडली. आजही अनेक ठिकाणी लॉगमध्ये केवळ स्थानिक वेळ असते, आणि एकच विनंती पाच सेवांमधून गेली तर तिला जोडणारा समान ओळख क्रमांक नसतो.

त्यामुळे प्राधान्यक्रम सर्वांसाठी एकच असावा, हे मला पटत नाही. डेटाच्या प्रतिकृतींमध्ये एकमत घडवणारा प्रोटोकॉल (यंत्रांमधल्या संदेशांच्या देवाणघेवाणीचे नियम) जे स्वतः लिहितात, त्यांनी आराखड्याची पडताळणी टाळणे बेजबाबदारपणाचे आहे. जे तयार डेटाबेसवर सेवा उभारतात, त्यांनी पहिल्या आठवड्यात ओळख क्रमांक सुरू करावा, दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक एरर हँडलर मुद्दाम त्रुटी घडवून चालवून पाहावा, आणि टीएलए प्लसचा विचार त्यानंतर करावा.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याची पुरवणी

ही विभागणी मला मान्य आहे, एका अटीसह. तयार डेटाबेसवर सेवा उभारणारेही उत्तराची वाट पाहण्याची वेळ संपल्यावर विनंती पुन्हा पाठवण्याचा कोड स्वतःच लिहितात. पहिली विनंती प्रत्यक्षात पूर्ण झालेली असेल, तर, उदाहरणार्थ, पैसे दोनदा वळते होतात. हा तर्क लिहिला, की तेही प्रोटोकॉलच लिहीत असतात. तेवढ्या भागाचा आराखडा त्यांनी तपासलाच पाहिजे.