मदत हवी आहे : मोकळ्या सोडलेल्या अंतरात शेजारची गाडी घुसते, त्यावर उपाय काय?

नमस्कार. जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २३० मीटरच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या चालवल्या, तेव्हा कोणताही अडथळा नसताना कोंडीची लाट तयार होऊन मागे सरकत गेली. पुढे अमेरिकेतील ॲरिझोनात तशीच लाट एकाच स्वयंचलित गाडीने शमवली, आणि मला हे फार आश्वासक वाटते, कारण त्यासाठी नवा रस्ता लागला नाही.

एम.टेक.च्या प्रकल्पात मी हेच ‘सुमो’ या संगणकावर रहदारीची नक्कल करणाऱ्या प्रणालीवर करून पाहत आहे. एका मार्गिकेवर नियंत्रित (म्हणजे स्वयंचलित) गाडी पुढे मोकळे अंतर ठेवून एकदम ब्रेक लावणे टाळते, त्यामुळे लाट विरते. मात्र तीन मार्गिका ठेवल्या की नियंत्रित गाडीने पुढे सोडलेल्या जागेत शेजारचा चालक शिरतो, मागच्यांना ब्रेक लावावा लागतो आणि नवी लाट उठते. अंतर कमी केले, तर लाट शोषली जात नाही.

अमेरिकेतील नॅशव्हिल शहराजवळच्या आय-२४ महामार्गावर नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा १०० गाड्या खऱ्या रहदारीत उतरवल्या होत्या. जाणकारांनी कृपया सांगावे की पुढील कोंडीची माहिती गाड्यांना आधीच मिळाली, तर अंतर न वाढवता केवळ वेग हळूहळू उतरवून हे साधेल का, आणि नियंत्रित गाड्या सर्व मार्गिकांत विखराव्यात की एकाच मार्गिकेत ठेवाव्यात?