एक नाव, अनेक कपाटे : सहनाम लेखकांच्या वाचनाचे अनुभव

वाचकांना केलेली विनंती अशी होती की कोणतेही एक पहिले नाव घ्यावे, ते नाव असलेल्या मराठी लेखकांची निरनिराळ्या साहित्यप्रकारांतली पुस्तके निवडावीत, ती शक्यतो लागोपाठ वाचावीत आणि त्यातून काय हाती लागले ते लिहावे. टोपणनावामागचे नाव चालेल, आद्याक्षरामागचेही चालेल. आडनाव मात्र एकच नसावे, म्हणजे एकाच घराण्यातले बापलेक किंवा भाऊ घेऊन काम उरकण्याची सोय राहत नाही. आलेल्या अनुभवांपैकी काही निवडून लिहिणाऱ्यांच्या शब्दांत देत आहोत. त्यांतला एक अनुभव या खटाटोपालाच आक्षेप घेणारा आहे, तोही ठेवला आहे.

विष्णू

मराठीत लेखकाला आद्याक्षरांनी ओळखण्याची रीत इतकी मुरलेली आहे की वि. स. खांडेकर आणि वि. वा. शिरवाडकर यांच्या 'वि.'मागे एकच नाव आहे, याचा वाचताना सहसा विचारही होत नाही. मी त्या 'वि.'पासून निघालो आणि कालक्रमाने वाचायचे म्हणून थेट एकोणिसाव्या शतकात जाऊन पोहोचलो.

पहिले पुस्तक विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे 'माझा प्रवास'. घरच्या कर्जामुळे गांजलेले हे भिक्षुक, उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकून, दक्षिणा मिळेल या आशेने कोकणातून निघाले आणि १८५७ च्या बंडाळीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. या पुस्तकाचे मोल मला असे वाटले की लिहिणारा शिपाई नाही, मुत्सद्दी नाही आणि त्याला कोणाची बाजूही मांडायची नाही. जीव कसा वाचवावा, जवळचे द्रव्य कुठे लपवावे, स्नानसंध्या कशी उरकावी आणि गंगेची कावड घरी कशी पोहोचवावी, एवढीच त्याची विवंचना आहे, आणि त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत न येणारी भीती इथे पानापानांवर येते. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हे लिहिले आणि वैद्यांनी ते १९०७ मध्ये, म्हणजे लेखकाच्या पश्चात, संपादून प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता मिळण्यासाठी मराठी वाचकाला दत्तो वामन पोतदारांच्या १९६६ च्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. ज्यांना शक्य असेल त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात.

त्यानंतर विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचा 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' वाचला. हे वर्ष १८६७, मार्क्सच्या 'भांडवल' ग्रंथाचा पहिला खंड निघाला तेच. बुवांना त्याची वार्ता असणे शक्य नव्हते, पण जमीन सर्वांची सामाईक असावी, पिकेल ते एका कोठारात जमा व्हावे आणि ज्याला लागेल ते त्याने तिथून न्यावे, असे राज्य त्यांनी वेदांवरची निष्ठा तसूभरही न सोडता कल्पिले होते. युक्तिवाद म्हणून निबंध सैल आहे, पुष्कळ ठिकाणी भाबडाही आहे. तरी गोडशांच्या मागोमाग वाचल्यामुळे तो मला वेगळा दिसला. लूट, उपासमार आणि कर्ज यांचे जे चित्र एका विष्णूने रंगवले, त्यावरचा उतारा दुसरा विष्णू दहा वर्षांनी सुचवत होता, असे वाचताना सारखे वाटत राहिले. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'वर फार लिहीत नाही. १८७४ ते १८८१ या काळात एका माणसाने मासिक एकहाती चालवले आणि बत्तिसाव्या वर्षी त्याचे आयुष्य संपले, हे लक्षात ठेवून वाचले तर त्यांच्या भाषेतली घाई आणि धार दोन्ही कळतात. फुल्यांवरची त्यांची टीका मात्र आज वाचवत नाही. तिच्यात विद्वत्तेपेक्षा हेटाळणी जास्त आहे.

मग 'ययाति' आणि 'नटसम्राट'. दोन्ही पूर्वी वाचलेली होती, परंतु या क्रमात ती वाचताना आपण एकदम प्रशस्त, सजवलेल्या दालनात आल्यासारखे वाटले. आधीचे तिघे विष्णू गद्याशी झगडत होते. या दोघांच्या हाती ते गद्य घडून, घोटून आलेले आहे, आणि खांडेकरांच्या बाबतीत ते जरा जास्तच घोटले गेले आहे, असे माझे मत झाले. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात खरे, पण तिघांच्या तोंडची सुभाषिते एकाच टाकसाळीतली वाटतात. गणपतराव बेलवलकरांची स्वगते त्याहून अलंकृत असूनही खटकत नाहीत, कारण ते नट आहेत आणि तसे बोलणे हाच त्यांचा स्वभाव, किंबहुना तेच त्यांचे दुखणे आहे.

चरित्रे चाळताना एक गंमत सापडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. खांडेकरांचे जन्मनाव गणेश आत्माराम आणि शिरवाडकरांचे गजानन रंगनाथ. दोघेही दत्तक गेले आणि दत्तकविधानाने दोघेही विष्णू झाले. म्हणजे मराठीला पहिली दोन ज्ञानपीठे मिळवून देणारे हे दोन विष्णू जन्माने गणपती होते. शिवाय पुढच्या दोन मानकऱ्यांपैकी विंदांचे नाव गोविंद, म्हणजे पुन्हा विष्णूच, आणि नेमाडे भालचंद्र, म्हणजे पुन्हा गणपती. यातून निष्पन्न काहीच होत नाही.

विष्णू, पण संगीताच्या आणि नीतीच्या बाजूने

वरील नावाचेच आणखी दोन ग्रंथ मी वाचले. मी संगीत शिकवते, त्यामुळे विष्णू नारायण भातखंडे यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग माझ्या रोजच्या कामाचे आहेत. परंतु तिच्यातून बंदिशी घेणे वेगळे आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' सलग वाचणे वेगळे. वकिली शिकलेल्या या गृहस्थांनी आधी 'चतुरपंडित' या नावाने संस्कृतात लक्षणग्रंथ रचला आणि मग त्याचेच विवेचन मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने, चार भागांत केले. रागांचे दहा थाटांत वर्गीकरण करणारी त्यांची मांडणी पुढे अनेकांना अपुरी वाटली. मारव्याच्या किंवा भैरवाच्या काही प्रकारांपाशी ती अडते, हे वर्गात मलाही जाणवते. तरीही त्या संवादातला शिष्य ज्या चिकाटीने शंका काढतो, ती पाहता हे पुस्तक नियमांचे बाड म्हणून वाचणे अन्यायाचे होईल.

दुसरे 'पंचतंत्र', मराठी अनुवादातून. राजा अमरशक्तीच्या तीन मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात पारंगत करीन, अशी प्रतिज्ञा विष्णुशर्मा करतो. लहानपणी या गोष्टी सुट्या सुट्या वाचलेल्या असतात. सलग वाचल्यावर एका गोष्टीच्या पोटातून दुसरी आणि तिच्या पोटातून तिसरी कशी निघते ते दिसते आणि विशेषतः 'मित्रभेद' या पहिल्या तंत्रात दमनक किती थंड डोक्याने सिंह आणि बैल यांच्यात वितुष्ट आणतो, हे पाहून हा ग्रंथ मुलांचा आहे का, अशी शंका येते. शिकवण्याच्या पद्धतीवरची दोन पुस्तके एका नावामुळे माझ्या मेजावर एकत्र आली. एरवी ती निरनिराळ्या विभागांत असतात आणि एकीचा वाचक दुसरीकडे फिरकत नाही.

शंकर

आधीच्या अनुभवांतले सगळे विष्णू, पुराणकाळचा विष्णुशर्मा धरून, एकाच वर्णाचे निघाले, हे कोणी नोंदवले नाही म्हणून मी नोंदवतो. नाव ही निरुपद्रवी चाळणी वाटते, परंतु ते घरात ठेवले जाते आणि घराला जात असते. ज्यांच्या घरी लिहिणे पोहोचलेच नव्हते त्यांची नावे जुन्या पुस्तकांवर कुठून येणार? म्हणून मी मुद्दाम सर्व थरांत आढळणारे नाव निवडले.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ चा ग्रंथ मी पूर्ण वाचला असे म्हणणार नाही. गणिताची प्रकरणे मी चाळली. पण शतपथ ब्राह्मणातले, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, हे वचन घेऊन, अयनचलनाच्या, म्हणजे आकाशातले विषुवबिंदू हळूहळू सरकण्याच्या, हिशेबाने ती स्थिती सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची ठरते असे ते दाखवतात, तो भाग मी दोनदा वाचला. निष्कर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मांडणीतला संयम आजच्या अशाच विषयावरच्या लेखनात दुर्मिळ आहे.

त्यानंतर दोन शंकर टोपणनावांखाली सापडले. 'दिवाकर' म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे आणि कवी 'गिरीश' म्हणजे शंकर केशव कानेटकर. गिरीशांची कविता मला या खेपेला लागली नाही. दिवाकरांच्या नाट्यछटा मात्र एका बैठकीत वाचू नयेत असे सुचवतो. 'पंत मेले, राव चढले' यासारखी छटा वाचून पुस्तक मिटावे, कारण प्रत्येक छटेत एकच माणूस बोलत असतो आणि न ऐकू येणाऱ्या दुसऱ्या माणसाची उत्तरे आपल्याला मनात भरावी लागतात. ते काम थकवणारे आहे.

शंकर पाटलांच्या 'वळीव'मधल्या कथा आणि शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' ही पुढची दोन. दोघांचाही मुलूख दक्षिण महाराष्ट्राचा, दोघांच्याही पुस्तकांत गाव आहे. पण पाटलांच्या कथेत गावाची बेरकी, मिश्कील बोली ऐकताना हसू येते आणि खरातांच्या आत्मचरित्रात त्याच प्रकारच्या गावाच्या वेशीबाहेर उभे राहून सरकारी निरोप पोहोचवणारा, मेलेली ढोरे ओढणारा, रात्री-अपरात्री हाळी येताच धावणारा तराळ दिसतो, तेव्हा आपण आधी कुठे उभे राहून हसत होतो ते कळते. पाटलांना मी यासाठी दोष देत नाही. परंतु खरात वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि तरीही आत्मचरित्राच्या नावात त्यांनी 'तराळ' आधी ठेवला, याचा अर्थ ही दोन पुस्तके पाठोपाठ वाचल्यावरच मला पुरता लागला.

लक्ष्मीबाई

माझी दोनच पुस्तके आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे १९१० चे पाकशास्त्राचे पुस्तक आणि लक्ष्मीबाई टिळकांची १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे'. पहिल्यात पाठारे प्रभूंच्या संपन्न घरातली शिस्त आहे, वजन-माप आहे, गृहिणीने काय जाणले पाहिजे याची ठाम कल्पना आहे. दुसऱ्यात घर म्हणून जे काही आहे ते सतत मोडते आणि पुन्हा उभे राहते; नवरा मनाला येईल तेव्हा निघून जातो, पैसा हाती टिकत नाही, आणि ही बाई ते सगळे अशा सरळ, खट्याळ भाषेत सांगते की दया करण्याची सोयच वाचकाला उरत नाही.

विष्णुभट गोडशांवर लिहिणाऱ्या वाचकासाठी एक जोड देते. 'स्मृतिचित्रां'च्या आरंभी लक्ष्मीबाई सांगतात की त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने स्वतःच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, इथवर ते गेले आणि त्याचा जाच सगळ्या घराने सोसला. बंडाची भीती गोडशांच्या पुस्तकात गोळागोळीची आहे. इथे ती पाण्याच्या घागरींतून पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली आहे.

गोपाळ, आक्षेपासह

या उपक्रमात मी भाग घेतला तो तो निरर्थक आहे हे दाखवण्यासाठी. नावावरून पुस्तक निवडणे आणि पुठ्ठ्याच्या रंगावरून निवडणे यांत तत्त्वतः फरक नाही. मी 'गोपाळ' घेतले. गोपाळ हरी देशमुखांची, म्हणजे लोकहितवादींची, 'प्रभाकर' साप्ताहिकातली १८४८ ते १८५० ची शतपत्रे; गोपाळ गणेश आगरकरांचे 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस'; आणि गोपाळ नीलकंठ दांडेकरांची 'पडघवली'. पत्र, तुरुंगातल्या आठवणी, कादंबरी. तिन्ही पुस्तके चांगली आहेत आणि त्यांच्यात काडीचा संबंध नाही.

एवढे मात्र मान्य करतो की आगरकरांचे हे पुस्तक मी एरवी उघडले नसते. कोल्हापूरच्या दिवाणांवरील मजकुराबद्दल टिळक आणि ते १८८२ मध्ये शिक्षा भोगत होते, त्या दिवसांची ही हकीकत आहे, आणि सुधारकाचा जो करारी, चिडलेला आवाज आपल्या परिचयाचा आहे त्याऐवजी इथे विनोद करणारा, मित्राशी रात्र-रात्र वाद घालणारा तरुण भेटतो. ज्यांची वाट पुढे कायमची वेगळी झाली त्या दोघांना एका कोठडीत मोठमोठ्याने बोलताना वाचणे हा विलक्षण अनुभव आहे. त्याचे श्रेय पुस्तकाचे आहे, गोपाळ या नावाचे नाही.

दुर्गा

वरील आक्षेप मला पटतो, पण माझ्या निवडीला तो लागू पडत नाही, असे वाटते. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' हे १९५६ चे ललितगद्य आणि 'मी, दुर्गा खोटे' हे अभिनेत्रीचे आत्मचरित्र यांत दिसायला काहीच समान नाही. एकीत महिन्यामहिन्याने पालटणारी झाडे, पाने, ढग आणि दुसरीत चित्रपटाचे कारखाने, वैधव्य, मुलांची जबाबदारी आणि प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीने पडद्यावर यावे की नाही याचा समाजाने केलेला निवाडा. परंतु दोघी एकाच पिढीतल्या, आणि आपल्याला जे काम करायचे ते करण्यासाठी परवानगी मागत बसायचे नाही, हे दोघींनीही लवकर ठरवलेले दिसते. भागवत स्वतःविषयी जवळजवळ काहीच सांगत नाहीत आणि खोटे सारे सांगायला बसल्या आहेत. तरीही 'ऋतुचक्रा'त मला त्या लिहिणाऱ्या बाईची ओळख अधिक झाली. 'पैस' आणि 'व्यासपर्व' यानंतर वाचायला घेतली आहेत. तिसरी दुर्गा अजून मिळालेली नाही; नाटक किंवा विज्ञान या प्रकारांतली कोणाला माहीत असल्यास जरूर कळवावी.