हॉरर-थ्रिलरचं ओपनिंग: ठरलेल्या युक्त्या ठेवायच्या की काढायच्या?

प्रश्न (नेरुळ)
नमस्कार. मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी हॉरर-थ्रिलरची फक्त सुरुवात करायचीय, टायटलसकट दोन मिनिटं. फोनवर शूट, लोकेशन आमचीच जुनी सात मजली बिल्डिंग. पहिला कट असा: घरात एकटी मुलगी, लाईट जाते, टॉर्च, आरशात सावली, किंकाळी, काळ्यावर लाल अक्षरं. मैत्रिणींना दाखवला, कुणी दचकलंसुद्धा नाही. सर म्हणतात जॉनर, म्हणजे सिनेमाचा प्रकार, पहिल्या मिनिटात कळायला हवा. युक्त्या घातल्या की शिळं वाटतं, काढल्या की नुसती घरात फिरणारी मुलगी उरते. काय करू?

उत्तर १
ठाण्याजवळच्या येऊरला जा, जंगल आयतं मिळेल. मात्र तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, वनखात्याची परवानगी आधी काढा.

उत्तर २ (ठाणे, साउंड करतो)
जंगल नको. बिल्डिंगच ठेव, तीच तुझी ताकद आहे.

युक्त्या शिळ्या नसतात गं, गर्दी झाली की मरतात. दोन मिनिटांत तू पाच वापरल्यास. एक निवड आणि तिला वेळ दे. १९७८ चा 'हॅलोविन' सिनेमा आठव. सुरुवातीला आपण खुन्याच्याच डोळ्यांनी घरात शिरतो. ही एकच युक्ती ताणून धरलीय. मग मुखवटा निघतो आणि हातात सुरी घेतलेला सहा वर्षांचा पोरगा उभा. भीती त्या उत्तराची वाटते, सुरीची नाही.

तुमच्याकडे जाळीच्या दाराची लिफ्ट आहे का? रात्री दीडला कुणीतरी जाळी उघडी टाकतं आणि लिफ्टमधली ती रेकॉर्डेड बाई सुरू होते, 'कृपया दरवाजा बंद करें'. हा आवाज ऐकत आपण सगळे वाढलोय. न दिसणारा आवाज ही जॉनरची जुनीच युक्ती, पण ही बाई आपल्या जिन्यातली आहे. मुलगी वैतागून उठते, चौथ्या मजल्यावर जाळी लावते. शांतता. ती वर चढायला लागते आणि तिसऱ्यावरून पुन्हा 'कृपया...'. तिथे टायटल. भूत दाखवू नकोस, हात जोडून सांगतो.

आवाज शूटिंगच्या वेळी घेऊ नकोस, वेगळा रेकॉर्ड कर आणि प्रत्येक मजल्यावरून घे. सातव्यावर नुसता घुमारा येतो, पाचव्यावर शब्द सुटे होतात, फरक कानाला लगेच कळतो. घरातल्या सीनखाली पहिल्यापासून पंख्याची घरघर ठेव आणि बाई बोलायच्या आधी दोन सेकंद ती कापून टाक. प्रेक्षक आपोआप कान टवकारतो.

उत्तर ३
टॉर्च काढा. फोनच्या कॅमेऱ्यात अंधारात चित्र फार दाणेदार येतं. जिन्यातला एकच बल्ब चालू ठेवा, एक्स्पोजर (कॅमेऱ्याची उजेडाची सेटिंग) लॉक करा आणि मुलीला उजेडातून अंधारात जाऊ द्या.

प्रश्नकर्ती
दादा, काल रात्री रेकॉर्ड केलं. वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवलं होतं. पाचव्याच्या वळणावर फोन धरून उभी होते. तिसऱ्यांदा 'कृपया दरवाजा' म्हणेपर्यंत आवाज मध्येच तुटला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी झोपेतून उठून जाळी लावली होती. तो तुटलेला तुकडाच टायटलच्या आधी घेतेय.

आरसा, किंकाळी, लाल रंग, सगळं काढलं. सकाळी एडिट करताना हेडफोन निघाला आणि क्लिप मोठ्याने वाजली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत थेट दारापर्यंत गेली.