परसातले बारके कोळी ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घर चिपळूणजवळ. परसात कलमी आंबा, कढीपत्ता, जास्वंद, कडेला थोडी अबोली. पाऊस ओसरला की झाडाझाडावर बारके कोळी दिसायला लागतात. यंदा त्यांच्यावर नजर ठेवायची ठरवलंय, पण दोघांपाशी गाडी अडलीय.

पहिला आंब्यावर. तिथे ओंबिलांनी पानं शिवून घर केलंय. जवळच एक तशीच तांबडी 'मुंगी' एकटी हिंडते. झपाझप चालते, मधेच थबकते. तोंडापुढे एवढं लांबडं काहीतरी असतं, की दुसरी मुंगी उचलून चाललीय असं वाटावं. काडी जवळ नेली तर पानावरून खाली पडली आणि धाग्याला लोंबकळत राहिली! मुंगी कधीपासून धागा काढायला लागली?

दुसरा कढीपत्त्यावर. गोल जाळं, मधोमध कचऱ्याची उभी रेघ. सासूबाई म्हणतात, केर अडकलाय, झाडून टाक. मला त्या रेघेत कोणीतरी बसल्याचा संशय आहे, पण मोबाइलमध्ये नुसता करडा ठिपका येतो.

हे कोण? जाळं न मोडता नीट कसं बघायचं? शिवाय जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आलाय, तिथे फवारणी केली तर यांना बाधेल का? (कोळी घालवायचे उपाय नकोत, ते घरी रोज ऐकते.)

प्रतिसाद

ताई, पहिला मुंगीचं सोंग घेणारा कोळी, मिरमाप्लाटा प्लॅटॅलिऑइडिस. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला. तुमचा नर आहे. 'दुसरी मुंगी' म्हणजे त्याचेच लांब झालेले जबडे, मादीला तसे नसतात. पाय मोजा, आठ भरतील. पुढचे दोन तो मिशांसारखे उचलून धरतो. ओंबिलांच्या शेजारी राहतो, पण त्यांच्या अंगाला लागत नाही.

दुसरा सायक्लोसा, हाही कोळीच. रेघेत खाल्लेल्या किड्यांची टरफलं असतात, कधी अंड्यांच्या पिशव्याही, आणि कोळीण स्वतः मधल्या फटीत पाय आवळून बसते. जाळ्यामागे वीतभर अंतरावर काळा पुठ्ठा धरा, उन्हं तिरपी असताना बघा. मोबाइलला चिमट्याची मॅक्रो लेन्स लावलीत तर डोळेसुद्धा दिसतील.

फवारा सरसकट नको. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासून काढा. कोळ्यांवर विसंबू नका, जाळ्यात उडते किडे सापडतात, फांदीला चिकटून बसलेले नाहीत.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी)

पुठ्ठ्याची युक्ती झकास! रेघेच्या मधोमध बसलीय, पाठ चंदेरी-करडी. सासूबाईंनीही चष्मा लावून बघितलं. राहू दे म्हणाल्या, फक्त मागच्या दारावर जाळं नको.

आता पुढचा प्रश्न. तिच्या वरच्या अंगाला रेघेत दोन फुगीर गाठी आहेत, बाकी कचऱ्यापेक्षा मऊ, कापसासारख्या. याच अंड्यांच्या पिशव्या का? पिल्लं बाहेर पडताना कोणी पाहिली असतील तर सांगा, साधारण कोणत्या वेळी लक्ष ठेवू?