पुरावा, सिद्धता की उपपत्ती? फर्माच्या प्रमेयाच्या निमित्ताने

दापोलीहून :
नमस्कार. विज्ञान दिनासाठी आमच्या शाळेत फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर फलक करतोय. मजकूर असा लिहिलाय : '1637 च्या सुमारास पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने एका ग्रंथाच्या समासात विधान लिहून ठेवले. त्याचा पुरावा मिळायला 1994 साल उजाडले.' मुख्याध्यापक म्हणतात, 'पुरावा' काढा, 'सिद्धता' घाला. मला वाटतं, सिद्धता म्हटलं की घरोघरी लग्नाची सिद्धताच आठवते आणि पुरावा पोरांना चटकन कळतो. दोन्ही चालतील का?

अलिबागहून :
ताई, मुख्याध्यापकांचं ऐका. हे दोन शब्द वाक्यात कसे वागतात ते बघा. पुरावे गोळा करतात, दडपतात, नष्टही करतात. पुरावा सबळ असतो, तोकडा असतो, पुराव्याअभावी आरोपी सुटतो. 'सबळ सिद्धता' कुणी म्हणत नाही, कारण ती कमी-जास्त नसते. असते किंवा नसते. फर्माचा पेशाच न्यायदानाचा होता, तुलूझच्या न्यायालयात तो काम करी. तिथे पुरावा तोलायचा आणि घरी येऊन संख्यांची सिद्धता शोधायची, हा फरक त्याच्या इतका कुणाला ठाऊक असणार?

आता विधान घ्या. 3² + 4² = 5² हे खरं आहे. पण दोन संख्यांच्या घनांची बेरीज तिसऱ्या संख्येचा घन होते का? 6³ + 8³ = 728, आणि 9³ = 729. एकाने हुकलं! फर्मा म्हणाला, घन असो, चौथा घात असो की त्यापुढचा कुठलाही, धन पूर्ण संख्यांत हे कधीच जुळणार नाही. माझ्याकडे सुंदर सिद्धता आहे, पण समासात ती मावत नाही. चौथ्या घातासाठीची त्याची सिद्धता तेवढी आपल्याला मिळाली. संगणकांनी 1993 पर्यंत चाळीस लाखांपर्यंतचे घातांक तपासून झाले होते आणि एकही अपवाद निघाला नव्हता. हा पुरावा म्हणाल तर डोंगराएवढा, तरी गणितात त्याला 'पडताळा' यापलीकडे मान नाही. शब्दातच ताळा आहे बघा. 47 गुणिले 36 म्हणजे 1692. कुणी चुकून 1629 लिहिलं तरी नऊचा ताळा (अंकांची बेरीज करून उत्तर पडताळायची रीत) जुळतोच, म्हणजे ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबर असतंच असं नाही.

लग्नाच्या सिद्धतेचा घोळ क्रियापदाने सुटतो. तयारीची सिद्धता 'करतात', प्रमेयाची 'देतात'. 1994 ची सिद्धता अँड्र्यू वाइल्स या ब्रिटिश गणितज्ञाची. 'वाइल्सने सिद्धता दिली' लिहा, कुणाचाही गोंधळ होणार नाही.

आणि दहावीच्या भूमितीत मुलं रोज 'पक्ष, साध्य, सिद्धता' लिहितात. यातले 'पक्ष' आणि 'साध्य' हे शब्द न्यायशास्त्रातून, म्हणजे कायद्यातून नव्हे तर आपल्या जुन्या तर्कशास्त्रातून, आलेत (तिथे पक्ष म्हणजे ज्याच्याविषयी सिद्ध करायचं तो, उदाहरणार्थ धूर दिसणारा पर्वत; आपण तो 'दिलेलं' या अर्थाने वापरतो). मला विचाराल तर फर्माच्या विधानाला साडेतीनशे वर्षं नेमका लागू पडणारा शब्द 'साध्य' हाच होता. सगळे 'प्रमेय' म्हणत राहिले, पण ते प्रमेय झालं 1994 साली.

मालवणहून :
'साध्य' पटलं. पण ज्याची सिद्धता अजून नाही अशा विधानाला काही जण 'अनुमान' म्हणतात, ते मला खटकतं. अनुमान हे आपल्याकडे प्रमाण, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाचं साधन आहे, धुरावरून अग्नी. इथे 'अटकळ' हवा. अटकळ बांधतात आणि ती फसूही शकते. थोर गणितज्ञ ऑयलरने 1769 मध्ये अटकळ बांधली होती की चार संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज कुठल्याही संख्येचा पाचवा घात होणार नाही. 1966 मध्ये संगणकाने दाखवलं : 27⁵ + 84⁵ + 110⁵ + 133⁵ = 144⁵. इतक्या मोठ्या माणसाचीही अटकळ चुकली!

मुरूड-जंजिऱ्याहून :
'उपपत्ती'चं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. आमच्या शेजारच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, 'ग्रहलाघव' या ज्योतिषग्रंथाचे कर्ते, यांनी 1545 मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथावर 'बुद्धिविलासिनी' ही टीका, म्हणजे स्पष्टीकरण, लिहिली आणि तिच्यात नियमांच्या उपपत्ती दिल्या. ते सांगतात की उपपत्तीवाचून गणितातलं कुठलंही विधान निर्भ्रांत होत नाही आणि जाणत्या गणकांच्या सभेत त्याला प्रौढता येत नाही. फर्माच्या जन्माआधीची गोष्ट ही! ताई, तुमच्या मुलांना हे कळायला हवं, आणि तेही याच किनाऱ्यावरचं म्हणून.

वापराचं सांगायचं तर, उपपत्ती म्हणजे एखादी गोष्ट अशी का, ती कशी जुळते, हे उलगडणं. आज बरेच जण 'थिअरी' या अर्थीही तो शब्द वापरतात, म्हणून फलकावर 'सिद्धता'च ठेवा. पण गणेश दैवज्ञांना वगळू नका.

दापोलीहून :
पुष्कळ मिळालं, सर्वांचे आभार. गणेश दैवज्ञांसाठी वेगळी चौकट करते. एकच अडलंय. 1993 मध्ये वाइल्सच्या सिद्धतेत जे निघालं त्याला काय म्हणू? 'चूक', 'त्रुटी', 'खोट'?

अलिबागहून :
'चूक' हलकं पडतं आणि 'खोट' मध्ये हेतूचा वास येतो. आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, एक शब्द आहे, 'खांड', म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. उधाणाने बांधाला खांड जाते; जागा हातभर असली तरी खारं पाणी अख्ख्या शेतात शिरतं. वाइल्सने 23 जून 1993 रोजी केंब्रिजला व्याख्यान संपवताना निकाल जाहीर केला, आणि पुढे शोधनिबंधाची तपासणी चालू असताना एका टप्प्यावर अशी खांड सापडली.

ही पहिली नव्हे. 1847 मध्ये लामे या गणितज्ञाने पॅरिसच्या अकादमीत पूर्ण सिद्धता मिळाल्याचं सांगितलं आणि दुसरा गणितज्ञ लिऊव्हिल याने तिथल्या तिथे शंका काढली. लामेने वापरलेल्या संख्यांचे अवयव एकाच रीतीने पडतात हे गृहीतच धरलेलं होतं, आणि जर्मन गणितज्ञ कुमरने दाखवलं की ते तसे पडत नाहीत. त्या खांडीतून कुमरने नवंच गणित उभं केलं आणि 100 च्या आतल्या अविभाज्य घातांकांपैकी 37, 59 आणि 67 सोडून बाकी सगळ्यांसाठी सिद्धता दिली. मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

फक्त 'वाइल्सने खांड बुजवली' असं लिहू नका. वर्षभर तो तेच करू पाहत होता, शेवटी रिचर्ड टेलरला सोबत घेऊन, आणि जमत नव्हतं. 19 सप्टेंबर 1994 ला त्याच्या ध्यानात आलं की ही रीत जिथे अपुरी पडते तिथेच पूर्वी आपण सोडून दिलेली रीत लागू पडते. दोन्ही जोडल्या. निबंध 1995 मध्ये छापून आले. तेव्हा फलकावर असं चालेल : 'सिद्धतेत एक उणीव निघाली. अँड्र्यू वाइल्स यांनी रिचर्ड टेलर यांच्या साहाय्याने वेगळ्या रीतीने ती दूर केली आणि 1994 मध्ये संपूर्ण सिद्धता दिली.' 'खांड' तोंडी सांगा. खाडीकाठची मुलं तुमच्या वर्गात असतीलच.