बीसीसी: गोपनीय प्रत, अंध प्रत की झाकली यादी?

मूळ प्रश्न

गृहनिर्माण संस्थेसाठी ईमेलविषयीच्या सूचनांचं एक पान मराठीत तयार होतंय. त्यातलं एक वाक्य असं: ‘सभासदांचे पत्ते बीसीसीत टाकून मेल फॉरवर्ड करावी.’ बीसीसी म्हणजे ‘ब्लाइंड कार्बन कॉपी’: या रकान्यात टाकलेले पत्ते इतर घेणाऱ्यांना दिसत नाहीत. त्याला गोपनीय प्रत, गुप्त प्रत, अंध प्रत असे पर्याय पुढे आलेत. वाचणारे बरेचसे ज्येष्ठ सभासद आहेत. वाचल्याबरोबर कळेल असा शब्द कोणता? ‘अनडिस्क्लोज्ड रेसिपिएंट्स’ला काय म्हणावं? आणि फॉरवर्डला ‘ढकलणे’ चालेल का?

प्रतिसाद १

‘गोपनीय’ नक्कीच नको. कार्यालयीन मराठीत गोपनीय हा मजकुरावरचा शेरा आहे. पाकिटावर तो दिसला की ज्याच्या नावाचं आहे त्यानंच उघडायचं, हे कारकुनालाही ठाऊक असतं. बीसीसीतून गेलेली पाण्याच्या टाकीची सूचना काही गोपनीय नसते. झाकलेली असते ती फक्त घेणाऱ्यांची यादी. ‘गुप्त’लाही तोच दोष, शिवाय कुणाच्या तरी पाठीमागे काही चाललंय असा वास येतो.

‘अंध’ हे शब्दाला शब्द ठेवून झालेलं भाषांतर. टाइपरायटरवर कार्बन लावून पत्र निघायचं, मूळ कागद यंत्रातून काढला जायचा आणि मग जादा माणसाचं नाव फक्त उरलेल्या प्रतींवर टंकलं जायचं. म्हणजे दिसत नसे ते मूळ पत्र वाचणाऱ्याला. प्रत आंधळी नव्हेच.

प्रतिसाद २

शब्दाआधी वाक्य तपासा, कारण त्यात दोन याद्या एक झाल्यात. बीसीसी झाकते ती तुम्ही आत्ता ज्यांना पाठवताय त्यांची यादी. फॉरवर्ड करताना दुसरी यादी मजकुरातच येते. जीमेलमध्ये ‘फॉरवर्डेड मेसेज’ या ओळीखाली पाठवणारा, तारीख, विषय, टू (मुख्य घेणारे) आणि असल्यास सीसी (उघड प्रत घेणारे) असा ठोकळा आपोआप उतरतो. आधीच्या माणसानं चाळीस जणांना सीसी केलं असेल, तर ते चाळीस पत्ते तिथे उघडे पडलेले असतात. बीसीसीचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. ते हातानं निवडून खोडावे लागतात.

मेल तीन-चार हातांतून आली असेल तर असे ठोकळेही तीन-चार असतात, एकाखाली एक. वरचा खोडून थांबू नका, तळापर्यंत जा. संगणकावर कंट्रोल आणि एफ दाबून @ शोधलं की राहिलेले पत्ते सापडतात. पण आउटलुकमधून आलेल्या मेलमध्ये पुष्कळदा पत्त्याऐवजी नुसती नावं असतात, तिथे @ उपयोगाचं नाही. टू आणि सीसीच्या ओळी डोळ्यांनीच पाहाव्या लागतात. ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ तर टाळाच: मूळ मेल जशीच्या तशी जोडली जाते, आतलं काहीच खोडता येत नाही.

सर्वात सुरक्षित म्हणजे फॉरवर्ड न करता लागणारा मजकूर कॉपी करून नव्या मेलमध्ये चिकटवणं. मूळ कुणाचा, ते एका ओळीत लिहा.

हा काटेकोरपणा कशासाठी, तर २०१५ साली लंडनमधल्या ५६ डीन स्ट्रीट या लैंगिक आरोग्य केंद्राचं वार्तापत्र बीसीसीऐवजी टूमध्ये पत्ते टाकून गेलं. घेणाऱ्यांत बहुतेक एचआयव्हीसह जगणारे लोक होते आणि त्यांना एकमेकांचे पत्ते दिसले. पुढच्या वर्षी केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टला १,८०,००० पौंड दंड झाला. चूक एका रकान्याची होती.

प्रतिसाद ३

‘अनडिस्क्लोज्ड रेसिपिएंट्स’ हे टूचा रकाना रिकामा ठेवला की दिसतं. मराठीत ‘नावे झाकलेली’ पुरे. ‘अप्रकटित प्राप्तकर्ते’ कुणी वाचणार नाही. टूमध्ये स्वतःचाच पत्ता टाकला तर हा मजकूर येतही नाही.

पत्ते झाकले कसे जातात, तेही सांगतो. मेल पोचवताना सर्व्हरला घेणाऱ्यांची नावं वेगळी कळवलेली असतात. तांत्रिक भाषेत त्याला लिफाफाच म्हणतात. वाचणाऱ्यापर्यंत पोचणाऱ्या मथळ्यातून (मेलच्या वरच्या नाव-पत्त्यांच्या ओळींतून) बीसीसीची ओळ काढून टाकलेली असते. म्हणून बीसीसीतल्या सभासदानं ‘रिप्लाय ऑल’ दाबलं तरी उत्तर पाठवणाऱ्याकडे आणि टू-सीसीतल्यांकडेच जातं, बीसीसीतल्या इतरांकडे नाही. मात्र टूमध्ये बिल्डर किंवा निबंधक कार्यालय असेल, तर त्या उत्तरानं सभासदाला झाकून प्रत गेली होती हे तिथे उघड होतं. टूमध्ये आपलाच पत्ता ठेवण्याचं खरं कारण हे.

प्रतिसाद ४

‘ढकलपत्र’ हा शब्द मराठी संकेतस्थळांवर चालत आलाय, पण त्यात न वाचता पुढे सरकवल्याची छटा आहे. अधिकृत सूचनेत ‘पुढे पाठवणे’ बरं.

‘ग्रुपला पाठवा’ असंही लिहू नका. गूगल कॉन्टॅक्ट्समधलं लेबल (पत्त्यांच्या गटाला दिलेलं नाव) टूमध्ये टाकलं की त्यातले सगळे पत्ते उघडे दिसतात. लेबल बीसीसीतच टाकायचं. गूगल ग्रुपचा पत्ता टाकला तर तो एकच पत्ता दिसतो. मराठीत दोन्हींना आपण ग्रुपच म्हणतो, म्हणून इथे ‘लेबल’ आणि ‘गटाचा पत्ता’ असे दोन शब्द वेगळे ठेवा. सभासद खूप असतील तर जीमेलच्या साध्या खात्याची मर्यादाही लिहा: एका मेलला ५०० पत्ते.

मूळ प्रश्नकर्ता

आभार. ‘बीसीसी’ तसंच ठेवतो, कारण पडद्यावर तीच तीन अक्षरं शोधायची आहेत. कंसात ‘झाकली यादी’. मसुदा असा: ‘मेल पुढे पाठवताना टूमध्ये स्वतःचा पत्ता व बीसीसीत (झाकली यादी) सभासदांचे पत्ते टाकावेत. मजकुरात आलेली जुनी नावे व पत्ते खोडावेत.’

प्रतिसाद २

दुसरं वाक्य पहिलं करा. पत्ते आधी भरले आणि चुकून पाठवण्याचं बटण दाबलं गेलं, तर जुनी यादी सगळ्यांकडे गेलीच. जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’ला (पाठवलेली मेल मागे घ्यायला) जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. आधी खोडणं, मग कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबून बीसीसीचा रकाना उघडणं, पत्ते सर्वात शेवटी.