आईला शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पडण्याचा आजार) सांगितलंय, सोलापुरात कुणाला अनुभव आहे का?

आईचं वय ५२. दोन वर्षं झाली, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतंय. कडक भाकरी आणि शेंगा चटणी म्हणजे तिचा जीव की प्राण, पण आता दर घासाला पाणी लागतं आणि वर्षात चार दाढा किडल्या. आम्ही म्हणायचो सोलापूरचा उन्हाळा, तोंड कोरडं पडणारच, पण थंडी आली तरी तेच. आता रक्ताच्या तपासणीत एएनए आणि एसएसए या दोन्ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह आल्यात. थायरॉईडची गोळी आधीपासून आहेच. हे पूर्ण बरं होतं का? शेजारच्या काकू म्हणतात अंगात उष्णता आहे, सब्जा द्या.

सातरस्ता_ताई: मला सहा वर्षं झाली गं. आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटतात, त्यामुळं पाणी कितीही प्यायलं तरी लाळ काही वाढत नाही. सब्जा दे खुशाल, पण साखर नको, लाळ नसली की दात लगेच किडतात (माझ्या तीन रूट कॅनल झाल्या तेव्हा अक्कल आली). थायरॉईड, संधिवात, ल्युपस ही सगळी एकाच घरची भावंडं, एक आलं की दुसरं मागं येऊ शकतं. मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतं. मला सगळ्यात जास्त त्रास थकव्याचा, आणि घरच्यांना तो आळस वाटतो.

चष्मेवाला: नुसतं एएनए धडधाकट माणसातपण पॉझिटिव्ह येतं, एसएसए जास्त महत्त्वाचं. डोळ्याच्या डॉक्टरांकडं शर्मर टेस्ट करा, पापणीत कागदाची पट्टी ठेवतात, ५ मिनिटांत ५ मिमी किंवा कमी भिजली तर कोरडेपणा पक्का. कधी ओठाच्या आतला छोटा तुकडापण तपासतात. नावाचं म्हणाल तर १९३३ साली हेन्रिक शोग्रेन नावाच्या स्वीडनच्या डोळ्यांच्या डॉक्टरनंच हे नीट मांडलं.

बाळीवेसकर: संधिवाततज्ज्ञच गाठा, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट. त्यांनी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (या आजारात देतात ती गोळी) चालू केली तर डोळ्याचा पडदा तपासत राहावं लागतं. आणि कानाखाली गाठ किंवा सूज आली आणि ती उतरेना तर थांबू नका, थोड्या लोकांत पुढं लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) होतो. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या चालू आहेत का? त्यानं कोरडेपणा अजून वाढतो.

प्रश्नकर्ती: अहो दादा, आई रोज रात्री सेट्रिझिन घेते की! शिंका येतात म्हणून, आठ महिने झाले, मेडिकलमधनं स्वतःच आणते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाली फक्त थायरॉईडची गोळी आहे.